पेटीवरचे नाव

जांभळी नाक्याच्या बाजारात काळ्या लोखंडी पेट्या अजून विकत मिळतात, हे सगळा जन्म ठाण्यात काढूनही मला ठाऊक नव्हते. मसाले, पत्रावळी, दिवाळीचे कंदील यांसाठी आम्ही तिथे जातो. पेटीसाठीही कोणी जाते, हे नवऱ्याबरोबर भर पावसात एका छत्रीतून फिरताना कळले. दुकानदाराने तीन पेट्या काढून दाखवल्या, नवऱ्याने प्रत्येकीची कडी ओढून पाहिली, आणि जी घेतली तिच्यावर नाव घालून घ्यायला आम्ही गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवणाऱ्या एका पेंटरकडे गेलो. "पोराला होस्टेलला पाठवताय का?" त्याने विचारले. "नाही, मीच चाललोय," नवरा म्हणाला. पेंटरने ब्रश डब्यात ठेवून त्याच्या कानशिलांवरचे पांढरे केस आणि हातातली भाजीची पिशवी एकदा नीट पाहून घेतली, आणि मग काही न बोलता पांढऱ्या रंगात हुद्दा आणि नाव घातले. पावसाळी हवेत रंग लवकर वाळेना. घरी आणेपर्यंत आडनावाच्या शेवटच्या अक्षराला एक ओघळ सुटला होता आणि त्याचे बारीक शेपूट झाले होते. ते आजही आहे.

नवरा वयाच्या ३८ व्या वर्षी प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, लेफ्टनंट झाला. हे कोणालाही सांगितले की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे धोनीसारखं?" धोनीला २०११ मध्ये याच सेनेत लेफ्टनंट कर्नल हे मानद पद मिळाले, त्यामुळे निदान नाव तरी लोकांच्या कानावरून गेलेले असते, याबद्दल आम्ही त्याचे ऋणीच आहोत. ज्यांना पद मानाने मिळत नाही त्यांना लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्यांचे, पाच दिवस आणि वैद्यकीय तपासणी असा सगळा रस्ता चालावा लागतो. १८ ते ४२ या वयाचा, पदवीधर आणि स्वतःच्या कमाईवर उभा असलेला नागरिक इथे अधिकारी होऊ शकतो. अग्निवीर व्हायला निघालेल्या मुलाला अविवाहित असावे लागते. इथे मात्र संसार आड येत नाही आणि पोट दुसऱ्या कशावर तरी चालत असले पाहिजे हीच मूळ अट असते. त्यामुळे या सेनेत जाणारा माणूस बहुधा गृहकर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि वडिलांची गुडघेदुखी मागे ठेवूनच जातो.

पहिल्या वर्षी एक महिना मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत तीन महिने, असे त्याचे गणित आहे. पहिला महिना आम्ही हसतखेळत काढला. एखादा माणूस कंपनीच्या कामासाठी परगावी जातो तसा तो गेला आणि आला. मला लिहायचे आहे ते चेन्नईच्या तीन महिन्यांबद्दल, आणि खरे तर त्यांच्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल.

त्याआधी दादांविषयी सांगायला हवे. दादा म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून अपशिंगे फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले आणि ज्याच्या नावापुढे 'मिलिटरी' कायमचे लागले, ते अपशिंगे. त्या पट्ट्यात घरटी एक माणूस पलटणीत असणे ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हती, तो रिवाजच होता. दादांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरला ते भरती झाले तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. दादा मात्र पलटणीऐवजी ठाण्याला आले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले, आणि मुलाने बारावीनंतर सैन्यात जायचे नाव काढले तेव्हा घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. त्या वेळी दादांनी दिलेले कारण नवऱ्याने मला लग्नानंतर सांगितले होते: "मला वडील आठवतात ते फक्त सुट्टीतले." वीस वर्षांनी मुलाने वेगळ्या दाराने का होईना तीच वाट धरली, तेव्हा दादांनी विरोध केला नाही. पेटी घरी आली त्या संध्याकाळी त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यावरचे पावसाचे पाणी पुसले आणि "बिजागरीला तेल घाल," एवढेच म्हणाले.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने कल्याणहून चेन्नईची गाडी धरली. घरात राहिलो आम्ही चौघे: दादा, मी, दहा वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा धाकटा.

घरातला एक माणूस कमी झाला की तो काय काय करत होता याची यादी आपोआप तयार होऊ लागते, आणि ती यादी आपल्याला वाटते तशी नसते. मोठी कामे मी धरून चालले होते: सोसायटीच्या मीटिंगा, गाडीची सर्व्हिसिंग, बँकेतून निघालेला थकवा घेऊन घोडबंदर रोडच्या कोंडीत गाडी चालवणे. त्यांची व्यवस्था लागली. खरी पंचाईत झाली ती लहान गोष्टींची. रात्री झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करणे हे काम बारा वर्षांत मी एकदाही केले नव्हते, आणि ते काम आहे हेच मला माहीत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या रात्री दोन वाजता जाग आली आणि काहीतरी राहिले आहे एवढेच कळत होते, काय ते कळत नव्हते. अंधारात स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कट्ट्याखाली हात घालून रेग्युलेटरची कळ फिरवली तेव्हा तिचा जो कट्ट असा आवाज झाला, तो मी रोज झोपेच्या काठावर ऐकत आले होते. त्या आवाजानंतरच मला झोप लागत असे, हे त्या क्षणी समजले. पुढे तीन महिने तो आवाज मी स्वतःच करत राहिले, पण स्वतः केलेल्या आवाजाने झोप लागायला बरेच दिवस गेले.

दादांनी मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचे काम आपण होऊन घेतले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना उतरायला वेळ लागे, म्हणून ते वीस मिनिटे आधी खाली जाऊन उभे राहत. लेकीने कपाटाच्या दाराला कॅलेंडरचे पान चिकटवून रोज एक चौकट काळी करायला सुरुवात केली आणि दहाव्या दिवशी ती विसरली. मुलांची ही विसरण्याची शक्ती मला तेव्हा थोडी बोचली आणि नंतर तिचाच आधार वाटला. पंधरा दिवसांत घराला नवी लय सापडली. चार माणसांचा भात, चार माणसांच्या पोळ्या. वाशिंग मशीन एक दिवसाआड.

शाळेत आणि सोसायटीत कौतुक पुष्कळ झाले. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर नवऱ्याला शाल आणि श्रीफळ मिळाले होते, आणि तो गेल्यावर लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे किंचित आदराने पाहत असे. हा आदर घेऊन काय करायचे ते मला उमजत नव्हते. नियमित सैनिकाच्या बायकोला छावणी असते, शेजारच्या दारात तशीच दुसरी बाई असते, आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशनसारखी १९६६ पासून चालत आलेली संघटना असते. कोणत्या प्रश्नाला कोणाकडे जायचे हे तिला कोणीतरी सांगते. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत ४८ घरे आहेत आणि त्यांतल्या एकातही दुसरा फौजी नाही. नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरमधून मला तीन वेळा फोन आला की ही रजा नेमकी कोणत्या खात्यात टाकायची. सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला त्याच्या नोकरीवर परत घेतले पाहिजे, अशी तरतूद १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यातच आहे, हे मी त्या मुलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मॅडम, पण सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाहीये." तिचे खरे होते. आम्हा कोणाच्याच सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नव्हता.

फोन रविवारी निवांत होई. इतर दिवशी रात्री जेवणानंतर पाच-दहा मिनिटे मिळत, त्यांतली निम्मी तो जांभया देण्यात घालवी. पहाटे पाचच्या आत मैदानावर, मग पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, मग पुन्हा मैदान. शिकवणारा कॅप्टन त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान, आणि त्याला 'सर' म्हणायचे. एका रात्री तो म्हणाला, "आज सगळ्यांना रगडा मिळाला." स्पीकरवर ऐकत असलेल्या लेकीने लगेच विचारले, "पॅटिस पण होतं?" पलीकडे क्षणभर शांतता आणि मग इतके हसू, की मागून आणखी दोघातिघांचे आवाज ऐकू आले. फौजेत रगडा म्हणजे शिक्षा: जमिनीवर लोळवणे, कोलांट्या, रायफल डोक्यावर धरून पळणे. तलावपाळीवर रगडा-पॅटिस खायला गेलो की आमच्याकडे हा विनोद अजूनही होतो, आणि दर वेळी तो पूर्वीइतकाच चालतो. धाकट्याने 'थम' हा शब्द उचलला. तो रात्री बाथरूमपासून पलंगापर्यंत कदमताल करत येई आणि स्वतःच स्वतःला हुकूम देऊन थांबे.

९ ऑक्टोबरचा फोन लक्षात आहे. १९४९ मध्ये त्या दिवशी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी प्रादेशिक सेनेचे उद्घाटन केले, म्हणून तो तिचा स्थापना दिन. मी अभिनंदन करायला म्हणून बोलू लागले, आणि तो म्हणाला की इथे पाऊस सुरू व्हायची चिन्हे आहेत. आमच्याकडे ऑक्टोबरचा उकाडा डोक्यावर होता, पावसाळी चपला माळ्यावर गेल्या होत्या, आणि त्याच्याकडे परतीच्या वाऱ्यांचा पाऊस दाराशी होता. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा. त्या वर्षी नवऱ्याच्या वाट्याला दोन पावसाळे आले आणि ऑक्टोबरचा उकाडा निम्माच आला, असा हिशेब लेकीने मांडला.

गौरी-गणपतीला आजेसासूबाई गावाहून आल्या होत्या आणि नवऱ्याच्या रिकाम्या जागेमुळे की काय, दिवाळीपर्यंत राहिल्या. वय नव्वदीला टेकलेले, कान तिखट. बेळगावच्या दिवसांविषयी मी त्यांना पहिल्यांदाच नीट विचारले. त्यांना वाचता येत नव्हते. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई. फॉर्मच्या तळाशी निरोप लिहायला बोटभर जागा असे, तेवढे तो वाचून दाखवी. निरोप नेहमी एकच: 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' आजोबा एकदा तापाने महिनाभर दवाखान्यात होते, हे त्यांना पुढे किती वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तोंडून कळले. "आणि तुम्ही काय कळवायचात?" मी विचारले. "आमीबी खुशालच," त्या म्हणाल्या. "पावसात भित पडली तवाबी खुशालच कळावलं. त्येंनी तिकडं बसून भित बांधली असती व्हय?"

हे ऐकून मी हसले होते, आणि पुढच्याच आठवड्यात मी तेच केले. धाकटा जिन्यावरून घसरला आणि त्याची हनुवटी फाटली. मंगळवारची संध्याकाळ होती. रिक्षात एका हाताने त्याच्या हनुवटीवर नॅपकीन दाबून धरत, दुसऱ्या हाताने लेकीला फोन करून दादांना औषध द्यायची आठवण करत मी दवाखान्यात पोचले. तीन टाके पडले. त्या रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "सगळं ठीक." बुधवारीही ठीक, गुरुवारीही ठीक. सांगून काय होणार, हा माझा युक्तिवाद चोख होता: तो येऊ शकत नाही, टाके पडून गेले आहेत, उगाच त्याचे मैदानावर लक्ष राहणार नाही. पण रोज 'ठीक' म्हणताना माझ्या लक्षात येऊ लागले की त्याची काळजी वाचवण्याबरोबर मी आणखी काहीतरी करते आहे. हे माझे मी निस्तरले, यात आता त्याचा भाग नाही, असा एक छोटासा ताठा त्यात होता. तो कबूल करायला मला बरे वाटत नाही, पण होता.

रविवारी लेकीने बिंग फोडले. "बाबा, याला टाके पडलेत पण आईने सांगायचं नाही म्हटलंय." फोनच्या पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मी ओरडा खायच्या तयारीत उभी होते. मग तो म्हणाला, "मीपण एक सांगतो. दहा दिवस झाले, माझं पळणं बंद आहे." उजव्या पायाची नडगी दुखत होती. पाठीवर वजन आणि हातात हत्यार घेऊन पाच किलोमीटर पळायचा सराव त्याने वयाचे भान न ठेवता तरुण मुलांच्या बरोबरीने केला होता. स्नायू लवकर तयार होतात, हाडाला नव्या भाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात ते दुखावते. डॉक्टरांनी विश्रांती दिली होती. रोज रात्री तो मला सांगत होता, "आज बरं पळलो."

दिवाणावर बसलेल्या आजेसासूबाई हे सगळे ऐकत होत्या. "खुशाल," त्या कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या आणि पानाची पिशवी शोधू लागल्या.

दिवाळी झाली. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. कंदील दादांनी लावला, फराळ थोडा कमी केला, भाऊबीजेला नणंद येऊन गेली आणि भावाच्या फोटोला ओवाळायचे की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. ओवाळले नाही. फोटोला ओवाळायला तो काही देव झालेला नाही, असे दादा म्हणाले.

नोव्हेंबरच्या शेवटी तो परत आला. आठ किलो कमी, मान ताठ, रंग दोन छटा गडद, नडगी बरी. पहिले दोन दिवस घरात सणच होता. मग हळूहळू असे दिसू लागले की त्याला बसायला जागाच नाही. म्हणजे खुर्ची होती, पण सकाळी साडेसहाला बसवर जायला तो उठला तेव्हा दादा काठी घेऊन आधीच खाली गेले होते, आणि नातवंडांना सोडायचे काम परत द्यायला ते राजी नव्हते. गाडीचा आरसा मी माझ्या उंचीला लावला होता, तो त्याने आपल्या उंचीला लावला, मी पुन्हा फिरवला; यावर आम्ही एकदा माजिवड्याच्या सिग्नलला खरोखरच भांडलो. धाकटा काही लागले की त्याच्या अंगावरून चालत माझ्याकडे येई. नवरा पहाटे साडेचारला उठून चादरीच्या घड्या अशा काही घाली की त्या मोडून झोपायची आम्हाला भीती वाटे. तो घरात नाही याची सवय पंधरा दिवसांत झाली होती; तो घरात आहे याची व्हायला पाच आठवडे लागले. विरहाविषयी पुष्कळ लिहिलेले वाचले होते. परत येण्याविषयी मला कोणी काही सांगितले नव्हते.

मी गावी आजेसासूबाईंना फोन लावला. त्यांना काही नवल वाटले नाही. "आमचं ह्ये सुट्टीवर आलं म्हंजी पयलं आठ दिस पाव्हणंच. कशाला हात लावू द्यायची न्हाई मी. नवव्या दिवशी सांगायची, चला, बैल धुवा." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तवर त्येंची जायची येळ आल्याली असायची, त्ये निराळं."

दादांचे 'सुट्टीतले वडील' मला त्या फोननंतर वेगळे दिसू लागले. लहान मुलाला वाटले होते की वडील आपल्यापासून लांब राहतात; घरानेही त्यांना दर खेपेला आठ दिवस उंबऱ्याशी बसवून ठेवले होते, हे त्याला कुठून कळणार? मी हे दादांना बोलून दाखवले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितले की दादांचा गुडघा जास्त दुखतो आहे, तू सोबत खाली जात जा. गुडघा तेवढाच दुखत होता. दोघे बरोबर जाऊ लागले. वीस मिनिटे आधी जाऊन काय बोलत असत ते मला माहीत नाही. पहिल्या आठवड्यात गॅलरीतून पाहिले तर दोघे दोन दिशांना तोंड करून उभे असत. नंतर मी पाहणे सोडले.

रेग्युलेटरचा प्रश्न सगळ्यांत शेवटी सुटला. रात्री मी कट्ट्याशी जाई तर तो आधीच बंद असे, किंवा नवरा जाई तर मी बंद करून आलेली असे, आणि मधले दोन दिवस असे गेले की दोघांनीही दुसऱ्याने केले असे धरून तो उघडाच ठेवला. एका रात्री मी पडल्या पडल्या जागी राहिले आणि मुद्दाम उठले नाही. खूप वेळाने तो उठला. कट्ट.

पेटी आता हॉलमध्ये खिडकीखाली असते. तिच्यावर आजेसासूबाईंनी शिवलेली गोधडी टाकून लेक वाचत बसते आणि आत तिची जुनी पुस्तके, रंगपेट्या, बॅडमिंटनची फुले असा ऐवज असतो. परवा शिबिराचे पत्र आले, दोन महिने. मुलांची चाचणी परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती होईपर्यंत त्यांना सांगायचे नाही असे आम्ही रात्री दार लावून ठरवले. सकाळी उठून पाहते तर पुस्तकांचा ढीग भिंतीशी नीट रचून ठेवला होता, पेटी ओल्या फडक्याने पुसून वाळण्यासाठी उघडी ठेवली होती, आणि बिजागरीला तेल लागलेले होते.